एकशे चौसष्ट लिटर डिझेल

वाहन विभागाचा ताबा माझ्याकडे आला तेव्हा कागदावर तेवीस गाड्या होत्या. शेडमध्ये जाऊन मोजल्या तेव्हाही तेवीसच भरल्या, पण त्यांतल्या सहा विटांवर उभ्या होत्या. एका व्हॅनमध्ये मांजरीनं पिल्लं घातली होती, आणि त्याच व्हॅनच्या नावावर त्या वर्षी दोन नवे टायर घेतल्याची नोंद होती.

नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. आमचं खातं राज्यातल्या तलावांची आणि बांधांची देखभाल करणारं. कचेरी बेंगळूर शहरात, कामं सगळी बाहेर, त्यामुळे जीपा रोज कुठल्या ना कुठल्या तालुक्याला जात. वरून पत्र आलं होतं की वाहनांचा खर्च खाली आणा, नाहीतर गाड्या जमा करून घेऊ आणि तुम्ही भाड्याच्या टॅक्सीनं हिंडा. म्हणून साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "तुम्ही हिशेबाचे पक्के आहात असं ऐकतो. घ्या ही शेड."

ऐकलं होतं ते खरं होतं. घरी गॅसचा सिलिंडर लावला की मी त्यावर खडूनं तारीख लिहितो आणि संपला की दिवस मोजतो. बायको पाहुण्यांना सांगायची, "माझंही नाव यांनी कुठल्या तरी रजिस्टरात चढवलं असेल. कधी आली, किती दिवस टिकली." पाहुणे हसायचे. मला त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही. सिलिंडर सव्वीस दिवसांऐवजी एकवीस दिवसांत संपला तर कुठेतरी गळतंय, हे कळायला दुसरा मार्ग कोणता?

शेडमध्येही मी तसाच सुरू झालो. लॉगबुकं मागवली. त्यांत प्रत्येक फेरीचं अंतर लिहिलेलं असे, पण ते मीटर बघून लिहिलेलं नव्हतं. ड्रायव्हर लोकांचं एक तोंडी कोष्टकच होतं आणि ते पिढ्यानपिढ्या चालत आलेलं होतं. देवनहळ्ळी जाऊन-येऊन ऐंशी. येलहंका चाळीस. साहेबांना घरी सोडणं चौदा, वाटेत भाजी घेतली तर सोळा. कुठलाही ड्रायव्हर, कुठलीही गाडी, आकडा तोच. मी ते बंद केलं. परिपत्रक काढलं: मीटर दाखवील तोच आकडा लिहावा, अंदाजाने लिहिणाऱ्यावर कारवाई होईल. मीटर बंद असेल तर तसं लिहून गाडीतल्या अधिकाऱ्याची सही घ्यावी.

दुसरी गोष्ट मी केली ती विटांवरच्या गाड्यांची. त्या लिलावात भंगाराच्या भावानं जाणार होत्या. मी म्हटलं, जाण्याआधी त्यांच्या अंगावरचं चांगलं सामान काढून चालत्या गाड्यांना लावा. आरसे, दिवे, स्प्रिंगा, डायनामो, मीटर, जे जे धड असेल ते. मेकॅनिकनं कुरकुर केली, पण तीन महिन्यांत सुट्या भागांची खरेदी निम्म्याहून खाली आली. साहेब खूश झाले. मीही झालो. त्या दिवसांत मी कचेरीतून घरी जाताना मनातल्या मनात रकाने जुळवत जायचो आणि ते जुळायचे, याचा आनंद मला कुठल्याही सणाइतका होता.

तिसरी गोष्ट म्हणजे दरमहा प्रत्येक गाडीचा हिशेब. किती किलोमीटर, किती डिझेल, लिटरला किती पडले. जीपसाठी आम्ही साडेनऊचा नेम धरला होता.

आठ महिन्यांचे आकडे एकत्र मांडले तेव्हा सगळ्या जीपा नेमाच्या आसपास होत्या. नऊ पूर्णांक चार, नऊ पूर्णांक पाच, नऊ पूर्णांक सहा. एकच जीप आठ पूर्णांक दोनवर होती. ती नऊ हजार आठशे चाळीस किलोमीटर चालली होती आणि तिनं बाराशे लिटर डिझेल प्यायलं होतं. नेमानं एक हजार छत्तीस लागायला हवं होतं. एकशे चौसष्ट लिटर जास्त.

ती जीप शेडमधल्या सगळ्यांत ज्येष्ठ ड्रायव्हरकडे होती. सगळे त्याला अण्णा म्हणत. नोकरीची एकतीस वर्षं झाली होती आणि निवृत्तीला तीन महिने राहिले होते. माणूस कमी बोलणारा, बारीक अंगाचा, खाकी शर्टाला कडक इस्त्री. जीपच्या काचेवर त्यानं कधी देवाचं चित्रसुद्धा चिकटवलं नव्हतं. म्हणायचा, समोरचं दिसायला नको का?

अण्णा मराठी होता. त्याचं घराणं तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, येलहंक्याच्या जुन्या गावात राहणारं. आमचंही घर चार पिढ्यांपासून बेंगळूरचं. त्याची मराठी आणि माझी मराठी एकमेकींना ओळखायच्या, पण कचेरीत मी त्याच्याशी कधीही मराठीत बोललो नाही. कन्नडातच बोलायचो, तेही कामापुरतं. आपल्या भाषेचा म्हणून याला झुकतं माप देतो असं कुणी म्हणू नये, ही माझी काळजी. आता वाटतं, ती काळजी माझी होती आणि किंमत तो मोजत होता. दुसऱ्या कुणाचे आकडे असे आले असते तर मी त्याला आधी खुर्चीवर बसवून विचारलं असतं. अण्णाला नाही विचारलं. सरळ टिपणी लिहिली.

आमचा हेड क्लार्क टिपणी टाइप करता करता म्हणाला, "सार, शेवटी तुमच्याच माणसाला पकडलंत की."

"आकड्यांना माझंतुझं नसतं," मी म्हणालो.

"ते सरी, बरोबर," तो म्हणाला. "पण त्याच्या पेन्शनचे कागद माझ्या टेबलावर आलेत. चौकशी चालू असली की ते पुढे जाणार नाहीत. नुसता ठपका बसला तरी सर्व्हिस बुकात लागणार. एकतीस वर्षांत त्यात एक शाईचा डाग नाही, मी काल बघितलं."

मी म्हटलं, "टाइप करा."

कारणे दाखवा नोटीस निघाली. अण्णानं दुसऱ्याच दिवशी उत्तर दिलं. वहीचं अर्धं पान, दोन ओळी कन्नडमध्ये: मी डिझेल घेतलेलं नाही. मीटर दाखवतो तेच लिहिलं आहे. खाली सही आणि तारीख. मी ते वाचलं आणि मनात म्हटलं, हे उत्तर नव्हे. मी विचारलंय डिझेल कुठे गेलं आणि हा मीटरचं सांगतोय.

शेडमध्ये बातमी पसरायला तेवढा वेळ पुरला. दुपारी डबे उघडून बसलेले ड्रायव्हर त्याला 'डिझेल अण्णा' म्हणू लागले. चेष्टेनंच, पण त्याच्या तोंडावर. तो डबा घेऊन जीपमध्ये जाऊन बसू लागला.

घरी मी जेवताना हे सांगितलं. मला वाटलं होतं, बायको म्हणेल, बरं झालं सापडलं. ती भाकरी तव्यावर तशीच ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"तुम्ही त्याला विचारलंत?"

"नोटीस म्हणजे विचारणंच."

"नोटीस म्हणजे विचारणं होय? उद्या मी तुम्हाला नोटीस काढते, साखर लवकर का संपली म्हणून. बघू कसं वाटतं." भाकरी जळायचा वास आला तशी तिनं ती उलटली. "त्याच्या बायकोला मी ओळखते. मंडळात येते हळदीकुंकवाला. येलहंक्याहून दोन बस बदलून येते आणि जाताना मोजून चार फुलं घेते. गेल्या रविवारी आली नाही. मला कारण कळलं नव्हतं, ते आज कळलं."

पण एकशे चौसष्ट हा आकडा खोटा नव्हता. माझ्या बेरजेत चूक नव्हती, मी तीनदा तपासली होती. त्या रात्री चौथ्यांदा तपासली.

पुढच्या आठवड्यात मला देवनहळ्ळीच्या उपकचेरीत सामानाची मोजदाद करायला जायचं होतं. सकाळी शेडमध्ये एकच जीप उरली होती, अण्णाची. मी पुढे बसलो. त्यानं दार लावून घेतलं, मीटर बघितला, लॉगबुकात आकडा लिहिला, पेन खिशाला लावलं आणि निघाला. तो गाडी अशी चालवायचा की गियर बदललेला कळायचाही नाही. पुढे सिग्नल लाल दिसला की लांबूनच पाय काढून घ्यायचा. डिझेल चोरणारा माणूस इतका जपून का चालवील, हा विचार माझ्या मनात आला आणि मी तो बाजूला सारला. वाचवून विकत असेल, असंही म्हणता येतं ना!

हेब्बाळचा तलाव मागे पडला. हातात काम नसलं की मी मोजतो, ती माझी सवयच आहे. रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड होते, वर पिवळे, खाली पांढरे. मी पहिल्या दगडाशी मीटर बघितला. उजवीकडचे शेवटचे दोन आकडे शून्य-सहा. मग तिथून पुढचे दगड मोजत गेलो. येलहंक्याजवळ वायुदलाचं एक विमान डोक्यावरून गेलं, तेव्हाही मी सातवर बोट धरून होतो. पुढे द्राक्षांचे मांडव लागले. दहावा दगड गेला तेव्हा मीटरकडे नजर गेली. चौदा. म्हणजे आठ. मला वाटलं, मधला एखादा दगड मी दोनदा मोजला. पुन्हा लक्ष देऊन मोजू लागलो. पंधरा. सोळा. आता मी सीटच्या कडेला पुढे सरकून बसलो होतो.

विसावा दगड आला तेव्हा मी म्हणालो, "अण्णा, थांबव."

जीप कडेला थांबली. मीटर तेवीस दाखवत होता. सहा ते तेवीस, सतरा किलोमीटर. आम्ही वीस दगड ओलांडले होते.

मी मराठीत विचारलं. पहिल्यांदाच. "अण्णा, हा मीटर असा कधीपासून आहे?"

त्यानं माझ्याकडे वळून बघितलं. भाषा बदलल्याचं त्याच्या लक्षात आलं असावं, पण त्यानं ते दाखवलं नाही.

"तुम्हीच बसवायला लावलात नव्हे का साहेब? त्या मांजरीच्या व्हॅनचा हा. माझा जुना बंद पडला म्हणून."

"आणि तुला कळलं नाही, हा कमी दाखवतोय ते?"

"कळलं की. पहिल्याच दिवशी कळलं. देवनहळ्ळी ऐंशीची अडुसष्ट झाली. रस्ता स्वल्प आखडला म्हणायचा काय?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"मेकॅनिकला सांगितलं. तो म्हणाला, फिरतोय ना काटा? मग गप बस, इथं नऊ जणांचा फिरतच नाही."

"अरे, मग ऐंशी लिहायचं!"

आता तो पुरता माझ्याकडे वळला. आवाज चढवला नाही. "तुम्हीच कागद लावलात साहेब. मीटर दाखवील तेच लिहा, अंदाज नको. एकतीस वर्षं मी ऐंशीच लिहीत होतो. तुमचा कागद आला आणि मी मीटरचं लिहायला लागलो. मीच एकटा लिहायला लागलो. बाकीचे अजून ऐंशीच लिहितात, मीटर बंद म्हणून. त्यांना कुणी नोटीस दिली नाही."

ट्रक जात होते. जीप त्यांच्या वाऱ्यानं हलत होती. मी लॉगबुक मागून घेतलं, पाठीमागच्या कोऱ्या पानावर भागाकार मांडला. नऊ हजार आठशे चाळीसच्या जागी खरे किलोमीटर अकरा हजार पाचशेहून जास्त. बाराशे लिटरनं भागलं की नऊ पूर्णांक पासष्ट शतांश. नेमापेक्षाही थोडं वर. शेडमधल्या सगळ्या जीपांत तोच पहिला होता.

बाकीच्यांचे नऊ-चार, नऊ-पाच आणि नऊ-सहा आठवले. इतके नीट आकडे खऱ्या गाड्यांचे कधी नसतात. फेऱ्या कोष्टकानं लिहून, मग डिझेल किती मिळालं ते बघून, नेमात बसेल तेवढी भर घातलेली होती त्यांत. मी आठ महिने खोट्या आकड्यांवर विश्वास ठेवला, कारण ते मला हवे तसे होते, आणि एकाच खऱ्या वहीवर लाल शाईनं खूण केली.

अण्णा म्हणाला, "जाऊ या? ऊन्ह चढतंय."

परत आल्यावर मेकॅनिकला विचारलं. तो खाली जीपच्या पोटाखाली होता, तिथूनच बोलला. "चाकाकडून एक केबल येते सार. ती इतक्या वेळा फिरली की एक किलोमीटर, असं मीटरात बांधलेलं असतं. व्हॅनचं वेगळं, जीपचं वेगळं."

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"मीटर लावा म्हणालात, लावला. बरोबर दाखवणारा लावा, असं कुठे म्हणालात?"

सामान काढण्याच्या कल्पनेचा कागद माझ्याच अक्षरातला होता. दुरुस्तीच्या रजिस्टरात त्या मीटरपुढे मी स्वतः लिहिलं होतं: खर्च काही नाही. आणि त्याखाली बारीक रेघ ओढून बचतीच्या रकान्यात नव्या मीटरची किंमत धरली होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेलो. त्यांच्या टेबलावर माझाच अहवाल होता, आठ महिन्यांच्या बचतीचा. तो वर सचिवालयात जायचा होता. इतर कचेऱ्यांनीही असं करावं, अशी शिफारस त्यांनी स्वतः हातानं लिहिली होती.

मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "म्हातारा निर्दोष, हे पटलं. त्याला समज देऊन फाइल बंद करू. अहवाल आहे तसा जाऊ दे."

"समज दिली तरी ती सर्व्हिस बुकात लागेल, सार."

"मग काय करायचं म्हणता?"

"नोटीसच चुकीची होती असं लिहायचं. चूक माझी होती असंही. मीटर मी बसवायला लावला, तपासला नाही. आणि अहवालातले लिटरमागचे सगळे आकडे काढून घ्यायचे. सतरा चालत्या गाड्यांपैकी नऊंचे मीटर बंद आहेत. त्यांचे आकडे मला माहीत नाहीत. आपल्याला कुणालाच माहीत नाहीत."

"अहो, तुमचं नाव आहे त्यावर! आकडे काढलेत तर राहील काय त्यात? आरसे आणि डायनामो?"

"हो सार."

ते खुर्चीला टेकले. वर बघितलं. पंखा होता तिथं. मला खरंच कळत नव्हतं, ते रागावलेत की काय. शेवटी म्हणाले, "हा अहवाल वर गेल्यावर कुणी येऊन असेच दगड मोजले असते, तर माझी शिफारस आहे त्याच्यावर. म्हणजे तुम्ही मलाच वाचवताय." मग अहवाल माझ्याकडे सरकवला. "किती दिवस लागतील नवा करायला?"

"सहा महिने. आणि नऊ मीटर नवे घ्यावे लागतील."

"खर्च कमी करायला बसवलं होतं तुम्हाला," ते म्हणाले, पण सही केली.

नवे मीटर आले, आणि त्यानंतरच्या पंधरवड्यात आम्ही सगळ्या चालत्या गाड्या एकेक करून हेब्बाळपुढच्या त्या वीस दगडांवरून नेल्या. गाडीबरोबर मी असायचो आणि अण्णा. दगडांची त्याला माझ्याहून जास्त ओळख होती. कुठला दगड झाडाआड आहे, कुठला रस्ता रुंद करताना दोन पावलं मागे नेला आहे, ते तो आधीच सांगायचा. दुसऱ्या ड्रायव्हरांना सुरुवातीला ही शिक्षा वाटली. मग त्यात पैजा लागायला लागल्या. आपल्या गाडीचे किती येणार ते हेब्बाळलाच सांगायचं आणि हरणाऱ्यानं सगळ्यांना येलहंक्यात इडली द्यायची. एका व्हॅनचे वीसचे तेवीस आले. तिचा ड्रायव्हर म्हणाला, "अण्णा, तुमचे तीन माझ्याकडे आले बघा." अण्णा इतका हसला की त्याला चष्मा पुसावा लागला. 'डिझेल अण्णा' म्हणणं कधी थांबलं, ते माझ्या लक्षात राहिलं नाही. कुणी ठरवून थांबवलं नसावं.

प्रत्येक गाडीच्या डॅशबोर्डवर आम्ही एक चिठ्ठी लावली, मीटरला किती पट धरायचं त्याची. पहिल्या महिन्याचे खरे आकडे हातात पडले तेव्हा मी घाबरलो. ते नेमाच्या जवळपासही नव्हते. एक जीप साडेसात, एक अकराला टेकलेली, एक व्हॅन तर सहा. पण आता कुठे बघायचं ते कळत होतं. साडेसातवाल्या जीपचा डिझेलचा पंप खराब निघाला, व्हॅनचे ब्रेक अर्धे लागूनच राहत होते. कुणी चोरलेलं नव्हतं. निदान या गाड्यांत तरी नव्हतं. सहा महिन्यांनी नवा अहवाल गेला, तेव्हा शेडचं डिझेल खरोखर कमी झालं होतं. जुन्या अहवालात दाखवलं होतं तेवढं नाही. बचत बरीच लहान दिसत होती, पण ती खरी होती, आणि गाड्या खात्याकडेच राहिल्या.

हे पुढचं झालं. त्याआधी अण्णाच्या निवृत्तीची तारीख जवळ आली. नोटीस मागे घेतल्याचं पत्र मी स्वतः लिहिलं. मसुदा दोनदा फाडला. पहिल्या दोन्हींत 'तांत्रिक कारणाने' असे शब्द आले होते. तिसऱ्यात सरळ लिहिलं, की वाहन विभागप्रमुखाने न तपासलेला मीटर बसवल्याने ही चूक झाली, चालकाचा कोणताही दोष नाही. हेड क्लार्कनं ते टाइप केलं, सर्व्हिस बुक उघडून मला दाखवलं. पान कोरं होतं. म्हणाला, "सार, आता पाठवतो," आणि पेन्शनची फाइल त्याच दुपारी गेली.

पत्राची एक प्रत मी अण्णाच्या हातात दिली. त्यानं ती उभ्यानं वाचली, सावकाश, बोट न लावता. घडी केली. वरच्या खिशात ठेवली.

"सरी," तो म्हणाला. कन्नडात 'ठीक आहे' म्हणायचं तसं. मी माफी मागायचं ठरवून गेलो होतो, पण शेडमध्ये सगळे बघत होते आणि माझ्या तोंडून एवढंच निघालं, "उद्याचा शेवटचा दिवस तेवढा ये." तो म्हणाला, "येणारच की. उद्याचा पगार घेतोय ना!"

चार महिन्यांनी एका रविवारी सकाळी दाराशी तो उभा. हातात पिशवी, पिशवीत देवनहळ्ळीचे दोन चकोतरे, आपली पपनसं, माणसाच्या डोक्याएवढे. मागे त्याची बायको. माझी बायको पदराला हात पुसत पुढे झाली आणि दोघी सरळ आत गेल्या. आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो.

"पेन्शन आली," तो म्हणाला. "पहिल्या महिन्यालाच. माझ्याबरोबर सुटलेल्या दुसऱ्या कचेरीतल्याची अजून आलेली नाही. तो म्हणतो, तुमच्याकडे कोण ओळखीचं आहे? मी म्हणालो, ओळखीचं आहे, त्यानंच नोटीस काढली होती."

मी म्हटलं, "अण्णा, त्या वेळी मी तुला आधी विचारायला हवं होतं."

"हवं होतं," तो म्हणाला. "बायको आठ दिवस मला विचारत होती, तुम्ही खरंच घेतलं नाही ना? तिला मी सांगत होतो. पण विचारायला लागलं तिला, ते लागलं मला." मग त्यानं मान हलवली. "झालं ते झालं. चहा येतोय का बघा."

चहा आला. आतून दोघींचं हसू ऐकू येत होतं. अण्णानं विचारलं, जीप कशी आहे?

"नवा मुलगा चालवतो. मीटर बदलला, बरोबर दाखवतो आता. पण नऊ-एकच येतंय. पंप बघितला, ब्रेक बघितले, काही सापडत नाही. उद्या लेखी विचारणार आहे त्याला."

"लेखी?" अण्णानं कप खाली ठेवला. "साहेब, तो क्लचवर पाय ठेवून बसतो. मी शेवटच्या आठवड्यात त्याला शिकवत होतो ना, तेव्हाच बघितलं. सिग्नलला, चढाला, सपाटीला, कुठेही पाय तिथंच. आपल्या ओटीवर पाय पसरून बसल्यासारखा. जाऊन सांगा त्याला, पाय काढ म्हणावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये गेलो. मुलगा जीप पुसत होता. मी त्याच्याजवळ गेलो आणि विचारलं, "काय रे, क्लचवर पाय ठेवून चालवतोस काय?"

तो फडकं हातात घेऊन उभाच राहिला. आधी माझ्याकडे, मग जीपकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघून म्हणाला, "कोणी सांगितलं सार?"